पवान ओढू नका, गॅलियार्ड पळवू नका

पुण्याहून एका गिटारवादकांनी विचारलं आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी आठ जोडतारांचं ल्यूट, म्हणजे युरोपातलं जुनं तंतुवाद्य, घेतलं. स्पॅनिश रचनाकार लुईस मिलानची पहिली पवान आणि इंग्रज ल्यूटवादक जॉन डाउलंडची 'कॅप्टन पायपरची गॅलियार्ड' आता हाताखाली आली आहे; पवान आणि गॅलियार्ड हे सोळाव्या शतकातले दोन युरोपीय नाच. पण ध्वनिमुद्रणं ऐकली की गोंधळ उडतो. तीच पवान कुणी मिनिटाला ४० ठोक्यांनी वाजवतो, कुणी ८० ने. त्यात पुढच्या महिन्यात एका घरगुती बैठकीत कथक शिकलेल्या दोन मैत्रिणी यावर नाचणार आहेत. व्हिडिओ बघून त्यांनी पावलं बसवली आहेत. सध्या पवान ४० ला आणि गॅलियार्ड १३२ ला चालते, आणि गॅलियार्डच्या तिसऱ्या भागात त्यांना 'ठेका चुकल्यासारखा' वाटतो. मैत्रिणींची तक्रार अशी की पवान संपता संपत नाही आणि गॅलियार्डमध्ये पाय गोळा करायला वेळच मिळत नाही. बरोबर आकडा कुठला, आणि ऐकायचं कुणाचं, ल्यूटवाल्यांचं की नाचणाऱ्यांचं?

मैत्रिणींचं ऐका. दोन्ही बाबतींत त्यांचंच बरोबर आहे.

हे मी जरा ठासून म्हणते, कारण हा रोग मलाही होता. मी सांगलीची, गिटारवरून ल्यूटकडे आले. गेली वीस वर्षं युरोपात ल्यूट वाजवते, त्यातली बारा जुने नाच नाचणाऱ्या एका मंडळीसोबत. गिटारवरून येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. पवान म्हटलं की भारदस्त, म्हणून ती ओढायची. गॅलियार्ड म्हटलं की चपळ, म्हणून ती पळवायची. दोघींमधलं अंतर एवढं वाढतं की त्या एकाच घरातल्या वाटत नाहीत. आणि त्या एकाच घरातल्या आहेत, हाच खरा मुद्दा आहे. त्याकडे येते.

आधी ४० आणि ८० चा घोळ सोडवू. तुम्ही ऐकलेले ते दोघे कदाचित एकाच वेगाने वाजवत असतील! एकजण सेमिब्रेव्हवर ठोका धरतो, दुसरा मिनिमवर. ही पाश्चात्त्य लिपीतली स्वरांच्या लांबीची मापं; एक सेमिब्रेव्ह म्हणजे दोन मिनिम. एकाच चालीला एक विलंबित म्हणेल, दुसरा मध्य लय म्हणेल, तसं हे. शिवाय गिटारच्या आधुनिक प्रतींमध्ये संपादक मूळ स्वरमूल्यं निम्मी किंवा पाव करून छापतात, म्हणजे कागदावरचा एक ठोका मूळचा कितवा हिस्सा आहे हेही आधी तपासावं लागतं. टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची हे रेघांवर दाखवणारी ल्यूटची लिपी, तर त्याहून मुकं. रेघांच्या डोक्यावरची चिन्हं फक्त पुढचा स्वर किती वेळाने छेडायचा एवढंच सांगतात. तोच नाच एका हस्तलिखितात एका चिन्हात सापडतो, दुसऱ्यात दुप्पट लांबीच्या चिन्हात. चिन्ह पाहून वेग काढायला गेलात तर फसाल.

मग त्या काळी वेग ठरवायचे कशावरून? फ्रांकिनुस गाफुरिउस हा इटालियन शास्त्रकार १४९६ साली लिहितो की सेमिब्रेव्ह म्हणजे शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीचा ठोका. छान, पण पुढच्या शंभर वर्षांत मोजणी हळूहळू लहान स्वरमूल्यांवर घसरली, त्यामुळे हे वाक्य उचलून १६०० सालच्या डाउलंडला चिकटवता येत नाही. मेट्रोनोमचं पेटंट १८१५ चं. मधल्या काळात माणसाचं शरीर हेच घड्याळ होतं. नाडी, श्वास आणि पाय. नाचाच्या संगीताला अर्थातच पाय.

एक कबुली आधीच देऊन ठेवते. 'बरोबर आकडा' असं काही मी देऊ शकणार नाही. दिवाणखाना केवढा, फरशी कसली, नाचणाऱ्यांची उंची किती, अंगावर काय आहे, तुमचं ल्यूट आतड्याच्या तारांचं की नायलॉनचं, यावर तो हलतो. हे मी पळवाट म्हणून सांगत नाही. १५८९ साली फ्रान्समधल्या लांग्रच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याने, झेआं ताबुरोने, नाचावर एक पुस्तक छापलं. स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून त्याने 'त्वानो आर्बो' हे टोपणनाव घेतलं आणि काप्रिओल नावाच्या तरुणाशी संवाद रचून सगळे नाच शिकवले. त्यात तो वादकाला बजावतो की उंच माणसासाठी गॅलियार्ड सावकाश वाजवा, ठेंगण्यासाठी जलद, कारण उंच माणसाला पाय टाकायला जास्त वेळ लागतो. म्हणजे एकाच रात्री, एकाच दालनात, एकाच वादकाचा वेग जोडपं बदललं की बदलायचा. मला हे वाक्य फार आवडतं. लंबकाची दोरी लांब असली की झोका सावकाश जातो, तसा लांब पाय सावकाश झुलतो. पाद्रीबुवांनी ते डोळ्यांनी हेरलं होतं.

तरीही पट्टा ठरवता येतो. खालची हद्द आणि वरची हद्द. त्यांच्या आत तुम्ही मोकळे.

पवान घ्या. आर्बोच्या पद्धतीत ती म्हणजे दोन साधी पावलं, एक दुहेरी. साध्या पावलात एक पाय पुढे, दुसरा त्याला जोडायचा, असे दोन ठोके. दुहेरीत तीन पावलं चालून चौथ्याला जोडायचं, चार ठोके. आठ ठोके पुढे, आठ मागे. जागा असेल तर पुढेच चालत राहायचं. बस्स, एवढाच नाच. राजेरजवाडे सणासुदीला लांब झगे आणि अंगरखे घालून दालनात मिरवायला निघत, तेव्हाची ही चाल, आणि सरदार लोक कमरेला तलवार लावूनच ती चालत. मोठ्या प्रसंगी सोबत सनईच्या जातीची वाद्यं आणि पितळी सॅकबट, शिवाय ढोल. ढोलाचा ठेका एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड.

माझी पहिली तालीम सांगते. मी त्या मंडळीत नवी, ल्यूट नवं, आणि पवान मी अशी काही भारदस्त वाजवली की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मिनिमला ४२ वगैरे असेल. नाचणारे आठजण पाय उचलून बगळ्यासारखे उभे, पुढचा स्वर कधी येतो याची वाट पाहत. नाच बसवणाऱ्या बाई साठीच्या होत्या. त्यांनी टाळी वाजवून सगळं थांबवलं, मला म्हणाल्या, ल्यूट ठेव खाली आणि ऊठ. माझा हात धरून त्यांनी मला चालवलं आणि म्हणाल्या, आता धून तूच गुणगुण. चौथ्या पावलाला माझी लय आपोआप वाढलेली होती. कुणी सांगावं लागलं नाही. एका पायावर जास्त वेळ उभं राहणं अंगाला नकोच असतं.

त्या दिवसापासून माझा नियम असा, की मिनिमला पाऊल धरलं तर पन्नासच्या खाली नाचणारा डगमगतो. वर गेलात तर पंचाहत्तर-ऐंशीच्या आसपास मिरवणूक संपते आणि फेरफटका सुरू होतो. झगा पायांत येतो, तलवार हलायला लागते. मी बहुतेकदा साठ ते सत्तरच्या मध्ये असते. तुमच्या मैत्रिणींच्या अंगावर जड झगे नसतील, तर सत्तरकडे झुका.

आणि मिलानबाबत तर वाद घालायचं कारणच नाही, कारण त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याचं पुस्तक १५३६ साली वालेन्सियात छापलं गेलं. ते विहुएला या गिटारसारख्या दिसणाऱ्या स्पॅनिश वाद्यासाठी आहे, पण तारांमधली अंतरं ल्यूटचीच. लयीबद्दल शब्दांत सूचना देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. कुठे सावकाश, कुठे घाईने, कुठे ना फार घाई ना फार संथ, असं तो तुकड्यागणिक सांगतो. सहा पवानांबद्दल त्याचं म्हणणं आहे की त्या काहीशा घाईच्या लयीत वाजवाव्यात, आणि दोन-तीनदा वाजवाव्यात. घाईच्या! गिटारच्या वर्गांमधून याच पवाना शोकसभेसारख्या शिकवल्या जातात, कारण पानावर पांढरी, लांब स्वरचिन्हं दिसतात आणि शिक्षकांना वाटतं, लांब म्हणजे सावकाश. मूळ पुस्तकातली चार ओळींची सूचना कुणी वाचत नाही. शिवाय दोन-तीनदा वाजवायला सांगितलं आहे हेही लक्षात घ्या. चाळीसच्या लयीत तीनदा वाजवलीत तर पाहुणे पोहे संपवून निघून जातील.

मिलानच्याच फँटसियांमध्ये, म्हणजे नाचासाठी नसलेल्या मुक्त रचनांमध्ये, मात्र वेगळी सूचना आहे. तिथे काही तुकड्यांत स्वरसमूह सावकाश आणि धावत्या ताना जलद घ्यायला तो सांगतो. ही सूट पवानला लावू नका. नाचणाऱ्याखालची जमीन हलवल्यासारखं होतं.

आता गॅलियार्ड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची गाडी इथेच अडली आहे. सहा मिनिमांचा एक फेर. पहिल्या चारांवर चार उड्यावजा पावलं, एक पाय टेकला की दुसरा पुढे हवेत. पाचव्यावर पाय जमिनीवर पडतच नाही, ती मोठी उडी. सहाव्यावर दोन्ही पाय टेकून, एक पुढे एक मागे, ठसक्यात स्थिर. सहा ठोक्यांत पाच पावलं, म्हणून इंग्रज आणि फ्रेंच दोघेही हिला पाच पावलांचा नाच म्हणत.

उडी महत्त्वाची, कारण चारशे वर्षांत सगळं बदललं तरी गुरुत्वाकर्षण बदललेलं नाही. माणूस २० सेंटिमीटर उडाला तर साधारण ०.४ सेकंद हवेत असतो, ३० सेंटिमीटर उडाला तर ०.५ सेकंद. तुमच्या १३२ च्या लयीत एक ठोका ०.४५ सेकंदाचा. म्हणजे नुसत्या उडीतच ठोका संपला. गुडघा वाकवून उसळी घ्यायला आणि खाली येऊन सावरायला वेळ कुठून आणायचा? तुमच्या मैत्रिणी नेमकं हेच सांगताहेत. ९६ ला ठोका ०.६२ सेकंदाचा होतो. आता उडीही मावते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा श्वासही. उलट ६० ला एक सेकंद मिळतो, आणि तेव्हा पहिल्या चार पावलांची पंचाईत होते. बोटभर उडून माणूस क्षणात खाली येतो आणि उरलेला वेळ एका पायावर तिष्ठत राहतो. फुगडी आठवा. फार सावकाश घातली तर मागे रेलताच येत नाही, तोल जातो. फार जोरात घातली तर हात सुटतात. मधल्या एका पट्ट्यातच ती फुगडी असते.

माझा पट्टा मिनिमला ८८ ते १०८. बहुतेक संध्याकाळी ९६ च्या आगेमागे.

इथे एक उलटी गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्या कामाची आहे. मैत्रिणींना दम लागतो म्हणून लय कमी करायची, असा सरळ हिशेब नेहमी लागू पडत नाही. आर्बो दोन नाच वेगळे सांगतो, गॅलियार्ड आणि तोर्दियाँ. पावलं तीच. पण तोर्दियाँ जमिनीलगत, हलकी, म्हणून जलद. गॅलियार्ड उंच उडीची, म्हणून सावकाश आणि जड. म्हणजे उडी लहान तर लय वाढते, उडी मोठी तर लय उतरते. तुमचा कार्यक्रम फ्लॅटच्या दिवाणखान्यात आहे, खाली काँक्रीटवर बसवलेली फरशी. कथकचे पाय जमिनीत ठोके घालायला तयार झालेले असतात, गॅलियार्डचे पाय जमिनीवरून सुटतात. पोटऱ्या वेगळ्या लागतात. त्यांना अशा फरशीवर अनवाणी उंच उड्या मारायला लावू नका, नडग्या धरतील. दोनच मार्ग आहेत. खाली सतरंजी नको, ती सरकते. मऊ तळव्याचे बूट घालून ९६ ला खरी उडी घ्या. नाहीतर उडी बोटभर ठेवा, ११२ पर्यंत जा, आणि मनात तिला तोर्दियाँ म्हणा. सध्या तुमचं चाललंय ते तिसरंच, उडी गॅलियार्डची आणि लय तोर्दियाँच्याही पलीकडची.

इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी रोज सकाळी व्यायाम म्हणून सहा-सात गॅलियार्ड नाचते, असं तिच्या दरबाऱ्याने १५८९ मध्ये एका पत्रात लिहिलं आहे. बाईंचं वय तेव्हा ५६. आर्बोचं पुस्तकही त्याच वर्षीचं. मी ५६ च्या जवळ येते आहे आणि १३२ ला मला दोनही झेपणार नाहीत.

आता मघाशी म्हटलेलं, दोघी एका घरातल्या. टॉमस मॉर्लीने १५९७ साली लंडनमध्ये संगीतशिक्षणाचं पुस्तक काढलं. त्यात तो म्हणतो, पवान गंभीर नाचासाठीची चाल, बहुधा तीन भागांची, प्रत्येक भाग दोनदा; तिच्यामागून गॅलियार्ड येते, ती हलकी आणि जास्त उसळती. आणि मग तो रचनाकाराला हिशेब सांगतो. पवानच्या एका भागात चार-चार सेमिब्रेव्हचे जेवढे गट घातलेत, गॅलियार्डच्या भागात सहा-सहा मिनिमचे तेवढेच गट घाला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कोरडं गणित वाटलं होतं. नाचायला लागल्यावर उमजलं. चार सेमिब्रेव्ह म्हणजे आठ मिनिम, म्हणजे मिनिमला पाऊल धरलं की बरोबर दोन साधी आणि एक दुहेरी. सहा मिनिम म्हणजे बरोबर पाच पावलांचा एक फेर. मॉर्ली मात्रा मोजत नाही, आवर्तनं मोजतो. तिकडे नाचाचं एक वाक्य, तर इकडेही एक.

मग वेगाचं नातं? जुन्या शास्त्रात सरळ प्रमाण आहे, दोनाच्या जागी तीन. पवानच्या दोन मिनिमांना जेवढा वेळ, तेवढ्यात गॅलियार्डच्या तीन. आपल्याकडे दीडपट, म्हणजे आडलय म्हणतात तेच. पवान ६४ ला असेल तर गॅलियार्ड ९६ ला येते. गंमत बघा, पवानचा आकडा मी चालून काढला होता, गॅलियार्डचा उड्या मारून. दोन्ही या प्रमाणात आपोआप बसतात. प्रत्येक वादक हे प्रमाण काटेकोर पाळत होता असं मी म्हणणार नाही. मीही कधी ६८ आणि ९६ वाजवते. पण जोडी एकमेकींकडे पाहत असली पाहिजे. तुमच्या ४० आणि १३२ मध्ये तिपटीहून जास्त अंतर पडतं. एक नाच संपून दुसरा सुरू होत नाही, कुणीतरी वाहिनी बदलल्यासारखं वाटतं.

नाचांचं हे प्रमाणात विचार करणं मॉर्लीच्याही आधीचं आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याला दोमेनिको दा पियाचेन्झा या नृत्यगुरूने चार चाली सांगितल्या: बासादान्झा सर्वांत संथ, क्वादेर्नारिया तिच्याहून एक षष्ठांश जलद, साल्तारेल्लो दोन षष्ठांश, पिवा तीन षष्ठांश. म्हणजे प्रत्येकीच्या आवर्तनाला लागणारा वेळ ६, ५, ४, ३ या प्रमाणात. ल्यूटकडे वळलं तर १५०८ मध्ये व्हेनिसच्या पेत्रुच्चीने छापलेल्या दाल्झाच्या पुस्तकात प्रत्येक पवानमागे तिची साल्तारेल्लो आणि तिची पिवा लागून येते. धून तीच, पायाखालचा ठेका बदलत जातो. हे बड्या ख्यालामागून छोटा ख्याल यावा तसं आहे असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावते, पण अर्धीच. छोट्या ख्यालात लय वाढत जाते, गवई ती चढवतो. इथे प्रत्येक नाच सुरू झाला की लय खांबासारखी. चढवलीत तर नाचणारे पाचव्या फेराला एकमेकांवर आदळतील.

आता बोटांचा प्रश्न. तुम्ही पवान ४० वर का आलात याचा मला अंदाज आहे. भाग दुसऱ्यांदा वाजवताना त्यात ताना घालायच्या असतात, त्या सोळाव्या हिश्श्याच्या स्वरांत जातात, तिथे बोटं अडकतात, म्हणून अख्खी पवान तानेच्या वेगाला बांधली जाते. तान सोडा, पवान सोडू नका. दुसऱ्या वेळी साधाच भाग वाजवा, किंवा निम्म्या स्वरांची तान करा. नाचणाऱ्याला तुमची तान ऐकूच येत नाही, त्याला मंद्र तार ऐकू येते. आणि उजवा हात बघा. गिटारसारखं तर्जनी-मध्यमाने समान टोले देत असाल तर अंगठा-तर्जनीवर या. अंगठ्याचा टोला जड, तर्जनीचा हलका, जड-हलका, जड-हलका. स्वरांच्या जोड्या आपोआप पडतात आणि लय वाढवल्यावरही घाई वाटत नाही. तबलजीच्या हातात ना-धिं एकसारखे पडत नाहीत, तसंच.

अजून एक कसोटी, गाऊन बघायची. पायपरच्या गॅलियार्डवर डाउलंडनेच शब्द बसवले आहेत, १५९७ च्या त्याच्या पहिल्या गीतसंग्रहात. हा पायपर कॉर्नवॉलचा, चाचेगिरीत सापडलेला कप्तान, पण गाणं मात्र विरहाचं. ते १३२ ला म्हणून पाहा, जीभ अडखळेल. ९६ ला शब्द ओठांवर बसतात. तुम्हाला तिसऱ्या भागात 'ठेका चुकल्यासारखा' वाटतो ना? तो चुकत नाही. डाउलंड सहा ठोके कधी तीन-तीन असे तोडतो, कधी दोन-दोन-दोन असे. वेग जास्त असला की हा डाव धडपडीसारखा ऐकू येतो, योग्य लयीत तो लयकारीसारखा खुलतो. आणि नाचणाऱ्याच्या पाचव्या-सहाव्या ठोक्यावर तो कसा येतो हे एकदा बघाच. वाद्य दोन-दोन मोजतं आहे आणि पाय हवेत आहेत.

'मग मोठमोठे वादक सावकाश वाजवतात ते चूक का?' असं तुम्ही विचाराल. नाही. ते बहुतेकदा नाचासाठी वाजवतच नाहीत. तीनतालाचा ठेका कथकच्या साथीला वेगळा आणि एकल तबलावादनात वेगळा, हे तुमच्या मैत्रिणी तुम्हाला सांगतील. डाउलंडची 'लाक्रिमे' (म्हणजे अश्रू) पवान नावाने पवान आहे, पण १६०४ मध्ये तिच्यावरून त्याने सात अश्रूंच्या सात पवाना छापल्या, त्या कुणी झगा सावरत चालावं म्हणून नव्हे. तिथे दालन लहान, ऐकणारे चार, आणि ल्यूटचा स्वर विझेपर्यंत थांबायला सगळ्यांना सवड. अशा वेळी मी ५० च्याही खाली जाते. पण तिथेही मर्यादा आहे. ल्यूटचा स्वर लवकर मावळतो. पुढचा स्वर येण्याआधी मागचा पूर्ण मेला तर ओळ तुटते, आणि तुमच्या नायलॉनच्या तारांवर तुटली नाही तरी माझ्या आतड्याच्या तारांवर तुटतेच. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेता येत नाही.

आणि नावावरून तर काहीच ठरवू नका. टॉमस मेस हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला गायक आणि ल्यूटवेडा. तो १६७६ मध्ये लिहितो की गॅलियार्ड संथ, मोठ्या तिनाच्या चालीत आणि बहुधा गंभीरपणे वाजवतात. आर्बोनंतर नव्वद वर्षं झाली नव्हती, तोवर उड्या मारणारी पोर पोक्त होऊन बसली. साराबांदचं तेच, सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ती वाह्यात नाच म्हणून बदनाम होती, आणि बाखच्या काळात ती सगळ्यांत गंभीर. तुम्ही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गॅलियार्ड वाजवणार असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मेसचं ऐका.

मेसचीच एक युक्ती सांगते, मेट्रोनोमपेक्षा मला ती जास्त भावते. छताला दोरी बांधून खाली जड गोळा टांगा आणि त्याच्या झोक्यावर रियाज करा, असं तो लिहितो. घरातलं पितळी कुलूप चालेल. आढ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत दोरी एक मीटर धरलीत तर मिनिटाला ६० झोके, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणं हा एक. ७० सेंटिमीटरला ७१. ४० सेंटिमीटरला ९४-९५. पवान आणि गॅलियार्ड दोन्ही दोन दोऱ्यांवर मिळाल्या. मेट्रोनोमची टिकटिक कानात घुसते, तुम्ही तिच्यामागे धावता. कुलूप आवाज करत नाही, नुसतं झुलतं. दोन टोकांच्या मधली जागाही दिसते, आणि नाच त्या मधल्या जागेतच होतो.

तुमच्या महिन्याभराची आखणी मी अशी करीन. पहिला आठवडा ल्यूट न घेता मैत्रिणींसोबत पवान चाला, तुम्हीही. धून तोंडाने. जी लय सापडेल ती दोरीवर मोजून लिहून ठेवा, बहुतेक ६२ ते ७० मध्ये निघेल. मग तिची दीडपट करून गॅलियार्ड तपासा, उडी पाहून थोडी वर-खाली करा. मिलानची पवान आणि डाउलंडची गॅलियार्ड दोन वेगळ्या देशांतल्या आणि पिढ्यांतल्या आहेत, मॉर्लीच्या अर्थाने जोडी नव्हे. पण बैठकीत लागोपाठ वाजणार असतील तर लोक त्यांना जोडीच समजतील, तेव्हा नातं जुळवाच. भाग किती वेळा वाजवायचा हे तुम्ही ठरवू नका, खोलीची लांबी ठरवेल. भिंत आली आणि वळण बाकी असेल तर अजून एकदा वाजवा. कारोझो आणि नेग्री यांच्या इटालियन नृत्यपुस्तकांत ल्यूटचं टॅब्लेचर दिलं आहे ते कितीतरी ठिकाणी चार-दोन ओळींचंच, नाच संपेपर्यंत घोळवायचं.

सुरुवातीला त्या नमस्कारासाठी वाकतील, तेव्हा एक स्वरसमूह सावकाश सोडा आणि त्या सरळ होईपर्यंत पहिली मात्रा देऊ नका. शेवटी उलटं; शेवटच्या स्वरसमूहावर लय ओढण्याचा मोह होतो, पण सहाव्या ठोक्याला त्यांचे पाय जमिनीवर येणारच आहेत, तुम्ही थांबलात म्हणून त्या हवेत थांबणार नाहीत. त्या टेकतील त्याच क्षणी छेडा. नंतर हवा तितका वेळ तार वाजू द्या.